दिल्लीला किती दिवस? आधी वार बघा

दिल्लीला जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती दिवस पुरतील?’ माझा उलटा प्रश्न असतो, ‘पोचताय कुठल्या वारी?’ या शहरात दिवसांची संख्या वारावर ठरते. मंगळवारी पोचलात तर तीन दिवसांत जे होतं, तेच शनिवारी पोचलात तर चार दिवसांतही अर्धवट राहू शकतं.

सोमवारी लाल किल्ला बंद. राष्ट्रीय संग्रहालय, पंतप्रधान संग्रहालय, राष्ट्रपती भवनाचं संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल, सगळं बंद. रविवारी चांदणी चौकातली बहुतेक घाऊक दुकानं बंद. शुक्रवारी ताजमहाल बंद. उरले मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि शनिवार. आठवड्यात हे चारच वार असे, की त्या दिवशी काय बंद आहे हे पाहावं लागत नाही.

आपल्याकडची गंमत अशी, की जोडून सुट्टी आली की लोक शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून राजधानी एक्स्प्रेस पकडतात आणि शनिवारी सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीला उतरतात. म्हणजे हातात शनिवार, रविवार, सोमवार. त्यातले शेवटचे दोन नेमके अडचणीचे वार. तरी क्रम नीट लावला तर तेही जमतं. शनिवारी लाल किल्ला आणि चांदणी चौक, रविवारी राष्ट्रीय संग्रहालय आणि कर्तव्यपथ, सोमवारी हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार. ही दोन्ही ठिकाणं आठवडाभर उघडी असतात. चूक होते ती अशी, की ‘रविवारी निवांत खरेदी करू’ म्हणून चांदणी चौक रविवारी ठेवला जातो आणि किल्ला सोमवारवर ढकलला जातो. मग दोन्हीकडे बंद दारं.

रजा टाकता येत असेल तर सोमवारी संध्याकाळी निघावं, मंगळवारी सकाळी पोचावं आणि शुक्रवारी दुपारी पाचच्या सुमाराच्या राजधानीनं परतावं. दिल्लीत तीन रात्री, तीन पूर्ण दिवस आणि वर शुक्रवारची सकाळ. फक्त दिल्लीसाठी मला हे माप बरोबर वाटतं. आग्रा हवं असेल तर एक दिवस वाढवावा, या तिनातून काढू नये.

आता दिवस कसे खर्च होतात ते बघू. रांग आणि तपासणी धरून लाल किल्ल्याला अडीच तास लागतात. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणांचं तिकीट ऑनलाइन काढलं की थोडं स्वस्त पडतं, पण खरा फायदा खिडकीवरची रांग टळते हा. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. किल्ला उघडताच आत जावं. आत दिवाण-ए-खासशी मराठी माणूस जरा जास्त वेळ थांबतो. इथल्या छताची चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवून तिची नाणी पाडली, कारण फौजेचा पगार थकला होता. आज वर बघितलं तर रंगवलेलं लाकूड दिसतं.

किल्ल्यातून बाराच्या आसपास बाहेर पडलं की चांदणी चौक समोरच असतो. दुकानं अकराच्या पुढे उघडतात, त्यामुळे हाच क्रम योग्य. मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारगाड्यांना बंदी आहे, सायकल रिक्षा मिळते. पण फतेहपुरी मशिदीपर्यंतचं अंतर दीड किलोमीटरच्या आत आहे, चालतच जावं. मशिदीला लागूनच खारी बावली, म्हणजे मसाल्यांचा घाऊक बाजार. लाल मिरचीच्या गल्लीत शिंका येतात, रुमाल हाताशी असू द्या. जामा मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना सोडत नाहीत, म्हणून ती दुपारी तीननंतर ठेवावी. इतकं झालं की दिवस संपला. त्याच संध्याकाळी अक्षरधाम ‘उरकून’ घेण्याचा बेत करू नये.

अक्षरधाम हे वेळ खाणारं ठिकाण आहे. मोबाईल, कॅमेरा, बॅग काहीच आत नेता येत नाही. ते जमा करायची रांग वेगळी, तपासणीची वेगळी. प्रदर्शनं आणि संध्याकाळचा पाण्याचा कार्यक्रम धरला तर चार-पाच तास सहज जातात. ते बघायचं असेल तर अर्धा दिवस त्याच्याच नावावर लिहून टाकावा. जाण्याआधी कुणी कुठे भेटायचं हे तोंडी ठरवून घ्या, आत गेल्यावर फोन नसतो.

दक्षिणेकडचा दिवस सगळ्यात सैल आणि माझ्या मते सगळ्यात चांगला. सकाळी हुमायूनची कबर दोन तास, शेजारच्या सुंदर नर्सरीत झाडांखाली तासभर, मग कुतुबमिनार. मेट्रोच्या ‘कुतुबमिनार’ या नावावर जाऊ नका. स्थानकापासून मिनार चालायला लांब आहे, रिक्षा करावी लागते. बहुतेक जण मिनार आणि लोहस्तंभ पाहून परत फिरतात. पलीकडेच मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान आहे. राजों की बावली ही पायऱ्यांची विहीर, जमाली-कमालीची मशीद आणि कबर, बल्बनची कबर असं सगळं तिथे, आणि गर्दी नाही. त्याला दोन तास ठेवा.

राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी शोधणारे तिला ओलांडून पुढे जातात, कारण पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून ती मोठी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे. या संग्रहालयाला तीन तास द्या.

मुक्काम मेट्रोच्या पिवळ्या मार्गाजवळ घ्यावा. चांदणी चौक, नवी दिल्ली, राजीव चौक, केंद्रीय सचिवालय, आयएनए (दिल्ली हाट या हस्तकलेच्या बाजारासाठी), कुतुबमिनार ही सगळी स्थानकं याच एका मार्गावर आहेत. नवी दिल्ली स्थानकाचा पहाडगंजचा दरवाजा एका बाजूला आणि मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे, सामान घेऊन चुकीकडे उतरलात तर अख्खा पूल पुन्हा ओलांडावा लागतो. सकाळी साडेआठला पोचल्यावर हॉटेलची खोली बाराशिवाय मिळत नाही, हे धरून चाला. रेल्वेच्या क्लोक रूममध्ये सामान ठेवायचं तर बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच न्यावं.

परतीचं विमान असेल तर टर्मिनल आधी बघा. टी ३ ला नवी दिल्लीहून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो वीसेक मिनिटांत पोचवते, टी १ मात्र वेगळ्या, किरमिजी मार्गावर आहे. संध्याकाळी सातचं विमान म्हणजे तुमचा शेवटचा दिवस दुपारी तीनला संपला.

आग्र्यासाठी हजरत निजामुद्दीनहून सकाळी सुटणारी गतिमान एक्स्प्रेस पावणेदोन तासांच्या आत पोचवते आणि रात्री परत आणते. ताजच्या तिकिटावर तीनच तास आत राहता येतं. मुख्य कबरीत जायचं तर वेगळे २०० रुपये. शुक्रवारी ती गाडीही नसते.

ऋतूनं गणित पुन्हा बदलतं. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर धुकं असतं. गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, विमानं अडकतात, आणि पहाटेचा ताज बघायला गेलात तर समोर पांढरा पडदा. त्या दिवसांत ताजला अकराच्या पुढे जावं आणि परतल्यावरचा एक दिवस रजेत मोकळा ठेवावा. जानेवारीत संचलनाच्या तालमींसाठी कर्तव्यपथाचा परिसर वारंवार बंद होतो. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधी काही दिवस लाल किल्लाही बंद असतो. मे-जूनमध्ये दुपारी बारा ते चार बाहेर काढवत नाही, म्हणून त्या वेळात संग्रहालय घाला, नाहीतर एक दिवस जास्त धरा. दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे हवा इतकी वाईट असते, की दम्याचा त्रास असलेल्यांनी तेव्हा जाऊच नये. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्चचा पूर्वार्ध सगळ्यात उत्तम, शिवाय तेव्हा राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान उघडं असतं. त्याची वेळ ऑनलाइन आधीच घेतलेली बरी, आणि सोमवारी तेही बंद.

एक दिवस उरलाच तर मी तो बाजारात घालवणार नाही. अंबाल्याकडे जाणाऱ्या गाडीनं पानिपत सुमारे ९० किलोमीटर आहे. सकाळी निघून, स्थानकावरून रिक्षा ठरवून काला आंबला, म्हणजे तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला जाऊन, संध्याकाळच्या आत परत येता येतं. रिक्षा परतीसकट ठरवा, तिथून दुसरी मिळायची खात्री नाही.