सायकलला आरसी बुक नसतं

सायकलचा विमा काढायचाय म्हटल्यावर आमच्या ओळखीच्या एजंटनं सवयीनं टू-व्हीलरचा फॉर्म उघडला आणि विचारलं, "गाडी नंबर सांगा, सर." नंबरच नाही म्हटल्यावर त्याचं घोडं तिथंच अडलं. त्याचंही बरोबर होतं. साधी सायकल मोटार वाहन कायद्यात येत नाही. तिला पासिंग नाही, आरसी नाही, विम्याची सक्तीही नाही. कायद्याच्या लेखी माझी 42,000 रुपयांची गिअरची सायकल आणि घरातला मिक्सर एकाच माळेचे मणी.

घरातली वस्तूच मानायची, तर घराच्या विम्यात बसेल, असं वाटून मी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी वाचायला घेतली. ही 2021 पासून आलेली प्रमाणित पॉलिसी. आग, पूर, भूकंप वगैरेंत घराबरोबर घरातलं सामानही त्यात धरतात. चोरीचं कलम मात्र मजेशीर आहे. चोरी अशाच एखाद्या आपत्तीमुळे आणि ती आल्यापासून सात दिवसांच्या आत झालेली असली पाहिजे. म्हणजे आधी पूर, मग चोर. साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याला राहणाऱ्यानं हा योग कुठून जुळवून आणायचा? घरफोडीचं कव्हर वेगळं मिळतं, पण त्यात सायकल घरात असताना चोरीला जायला हवी. माझी सायकल दिवसभर पोवई नाक्यावर ऑफिसखाली उभी असते आणि रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेला लागलेली असते.

शेवटी फक्त सायकलसाठीची पॉलिसी ऑनलाइन सापडली. प्रीमियम भरणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. त्याआधी त्यांना हवं होतं माझ्या नावाचं बिल, त्यावर फ्रेम नंबर, चारही बाजूंचे फोटो आणि कुलपाचा फोटो. माझ्या बिलावर लिहिलं होतं "सायकल – 1 नग". बस्स.

फ्रेम नंबर बहुतेक सायकलींना खाली असतो, पॅडलचा एक्सल ज्या आडव्या नळीतून जातो तिच्या पोटाला. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली, तर तिथं कासच्या रस्त्याचा लाल चिखल आणि चेनचं तेल मिळून पापुद्रा धरलेला. रॉकेलच्या बोळ्यानं तो काढला. आकडे इतके उथळ ठोकलेले, की उजेडात नीट दिसेनात. मग मुलाच्या चित्रकलेच्या वहीतला कागद वर धरून पेन्सिल आडवी घासली. नाण्याचा ठसा घेतो तसा नंबर उमटला. तो घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं जुनी कार्बन कॉपी शोधली, माझ्या बिलावर नंबर लिहून सही-शिक्का मारला आणि म्हणाला, "एवढं कोण विचारत नाही ओ साहेब." विचारायला हवं. तुमची सायकल दुसऱ्याच्या हातात सापडली, तर ती तुमचीच हे सांगणारा हा एवढाच कागद असतो.

अटी मी दोनदा वाचल्या. बाहेर उभी करताना सायकल न हलणाऱ्या वस्तूला बांधलेली हवी. नुसतं चाकाला कुलूप लावलं तर दावा नाही. क्लेममधून घसारा (वापरानं घटलेली किंमत) आणि ठरलेली वजावट (आपण सोसायचा वाटा) कापली जाते. नुसता दिवा किंवा सीट गेली तर काही मिळत नाही. चोरी झाली तर एफआयआर लागतो, आणि नंतर पोलिसांचा तपास न लागल्याचा अहवालही. आपल्याकडे त्याला 'अ' समरी म्हणतात.

एफआयआरचा मुद्दा आमच्या शेजारच्या वकीलकाकांनी समजावला. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यांत 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र धरलेली आहे. त्याची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. "म्हणजे किमतीचा पुरावा नसेल तर तुझी सायकल जुनीपानी ठरायला वेळ लागत नाही," काका म्हणाले. बिलाची स्कॅन प्रत तेव्हापासून मोबाईलमध्येही आहे.

कुलपाचा खर्च मला विम्यापेक्षा जास्त पटला. आधी केबल लॉक होतं, प्लास्टिकच्या आवरणातली तार. कटर असेल तर ती तुटायला क्षणभर पुरे. आता यू-लॉक आहे. तो मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घेऊन खांबाला अडकवतो. मधे मोकळी जागा जितकी कमी, तितकी पहार घालून पिळायला जागा कमी. पुढचं चाक क्विक रिलीजचं, खटका उघडला की पान्याशिवाय निघणारं, म्हणजे चोरालाही क्विक, म्हणून तिथं साधा नटवाला एक्सल बसवून घेतला. सीटखाली ब्लूटूथ ट्रॅकर लपवलाय, पण त्यावर माझी फारशी भिस्त नाही. आसपास कुणाचा तरी त्याच नेटवर्कचा फोन असेल तरच तो ठिकाण कळवतो. राजवाड्याजवळच्या गर्दीत ठीक आहे. घाटात रानात टाकली तर कोण कळवणार? शिवाय हे ट्रॅकर 'अनोळखी ट्रॅकर तुमच्याबरोबर आहे' अशी सूचना चोराच्याच फोनवर पाठवू शकतात.

पॉलिसी आली तेव्हा फ्रेम नंबरातल्या 'ओ'च्या जागी शून्य छापलेलं. क्लेमच्या वेळी तेवढ्यावर घोडं पेंड खाईल, म्हणून ठशाचा फोटो जोडून लगेच मेल केला आणि दुरुस्तीचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं बदलाचं पत्र मागवलं. कंपनीनं मनावर घेतलं नसतं तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करायची तयारी होती. त्यानंतर विमा लोकपाल. आपल्या साताऱ्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे आणि तिथं फी लागत नाही. तशी वेळ आली नाही.

मुलाच्या सायकलचा विमा काढला नाही. तिच्यासाठी जाड साखळी आणली.