आमची वाटचाल : उजवं लाल, डावं निळं

ठाण्याच्या नौपाड्यात कानाच्या मशीनचं दुकान टाकलं 2008 साली. एक साउंडप्रूफ खोली, एक ऑडिओमीटर (ऐकू किती येतं ते मोजायचं यंत्र), मी आणि बायको. पहिली काही वर्षं भाडं आणि हप्ते फेडण्यात गेली, ती सांगत बसत नाही.

डोळे उघडले ते चरईच्या एका आजींमुळे. एकाच महिन्यात तिसऱ्यांदा आल्या. "मशीन बंद पडलंय हो." आधी दोनदा आम्ही ते साफ करून, नवी बॅटरी घालून दिलं होतं. या वेळी बायको म्हणाली, "आजी, तुम्हीच घालून दाखवा बरं." आजींनी बॅटरी घातली ती वरच्या स्टिकरसकट. हवा लागल्याशिवाय ती बॅटरी चालूच होत नाही. मग उजवं मशीन डाव्या कानात कोंबायला लागल्या. उजव्यावर लाल खूण, डाव्यावर निळी, बॅटरीचा स्टिकर तपकिरी. सगळा कारभार रंगांवर! आजींना काचबिंदू. वर्षभर आम्ही त्यांचे कान तपासत होतो, डोळ्यांचं एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न डोळ्यांचा. उजव्या मशीनवर बोटाला लागेल असा रंगाचा ठिपका देतो. माझी खुर्ची खिडकीपासून हलवली, कारण पाठीमागून उजेड आला की समोरच्याला माझे ओठ दिसत नाहीत. "चष्मा लावला की नीट ऐकू येतं," असं गिऱ्हाईक म्हणायचं तेव्हा आम्ही हसायचो. आता नाही हसत.

पुढचं शिकलो महाप्याच्या हेलन केलर इन्स्टिट्यूटमध्ये. डेफब्लाइंड, म्हणजे कान आणि डोळे दोन्हींची अडचण असलेल्या माणसांसाठी काम करणारी ही संस्था. बोलण्याआधी हाताच्या पाठीवर हलका स्पर्श करायचा, थांबायचं, मग तळहातावर एकेक अक्षर काढायचं. जन्मापासून कमी ऐकू येणारा मुलगा संध्याकाळी अडखळायला लागला, तर तो धांदरट नसतो; अशर सिंड्रोम असू शकतो, म्हणजे कान आणि नजर दोन्हींवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार. अशांना आम्ही लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुविकलांगतेखाली डेफब्लाइंड माणसांचा उल्लेख आला. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मात्र आमच्या एका गिऱ्हाइकाने कानाच्या आणि डोळ्यांच्या ओपीडीत चार खेपा घातल्या. दोन्हींचे वारच वेगळे.

अशा एका माणसाला तपासायला आम्हाला दीड तास लागतो. हिशेबनीस कुरकुरतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही.

आजी आता ठिपका चाचपून मशीन स्वतः घालतात. बॅटरीचा स्टिकर मात्र नातवाकडून काढून घेतात. म्हणतात, "तेवढ्यासाठी तरी येतो माझ्या खोलीत."