त्याची गोळी नसते

आमचं मेडिकल बीड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडवरून चालत पाच मिनिटं. चौदा वर्षं झाली शटर वर करतोय. एवढ्या वर्षांत एक कळलंय, गिऱ्हाईक काय मागणार ते तो कुठं उभा राहतो त्यावरून समजतं. बीपी-शुगरवाला सरळ काउंटरवर येऊन चिठ्ठी आपटतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस वजनकाट्यापाशी घुटमळतो. उगंच वजन करतो, मोबाईल काढतो, आत ठेवतो, बायामाणसं निघून जायची वाट बघतो आणि मग हळूच, "दादा, ते द्या ना जरा." ते म्हणजे निरोध, "हे" म्हणजे प्रेग्नन्सीचं किट, आणि "ती" म्हणजे ती गोळी, व्हायग्रावाली. नाव घेऊन मागणारी माणसं चौदा वर्षांत बोटावर मोजण्याइतकी. मी पण लगेच पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो, ती काळी पिशवी बघून अख्ख्या बाजाराला कळतं आत काय आहे, तरी देतो.

लिहायचं कारण असं की दोन माणसं माझ्या काउंटरवर एकच प्रश्न घेऊन आली होती, नवरा आणि नंतर त्याची बायको, आणि मी दोघांनाही चुकीचं उत्तर दिलं. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक इकडचं तिकडं केलंय.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं बघा, 2016 चा उन्हाळा. रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली ओढलेलं, तेवढ्यात वाकून एक पोरगं आत आलं. बावीस-तेवीसचं असंल. ऊसतोडीवाल्याच्या घरचं, कारखान्यावरून नुकतेच परत आलेले. आठ दिवसांवर लग्न. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, मुकादम उचल देतो ती जोडीला देतो, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्यामुळं पोरगं वयात आलं की दसऱ्याच्या आत कोयता पुरा करायचा, हा घरचा हिशोब असतो. त्यात पोराला कुणाबद्दल काय वाटतं हा प्रश्नच कुठं येत नाही, पोरीचा तर सोडाच.

म्हणला, "दादा, ती गोळी हाय का?" मी बीपी आहे का विचारलं, नाही म्हणला, दिली. ही शेड्यूल एचमधली गोळी, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, मला माहीत होतं. सगळेच देतात म्हणून मी पण दिली.

लग्नानंतर दहा-बारा दिवसांनी परत आला. "दादा, कायच झालं नाही. नुसतं डोकं दुखलं अन् तोंड तापलं." मी काय केलं असंल? पन्नास मिलिग्रॅमची दिली होती, शंभरची दिली. पिशवी हातात घेऊन तो तिथंच उभा. मग खाली बघत म्हणला, "दादा, मला बायांकडं बघून कधीच काय होत नाही. लहानपणापासून नाही." मी हसलो. खरंच हसलो. म्हणलं, अरे होतंय सगळं हळूहळू, आमचं काय पहिल्या दिवशी झालं होतं का. तो पण हसला अन् गेला.

डी. फार्म. झालेला माणूस आहे मी. ती गोळी कशी चालते हे मला पाठ होतं. सिल्डेनाफिल, म्हणजे त्या गोळीतलं औषध, मुळात छातीत दुखण्यावर, अँजायनावर वापरता येईल म्हणून तपासत होते, त्यात हा दुसराच उपयोग निघाला. ती रक्तवाहिन्या सैल करते, रक्त पोचवते, बास. मनात आधी काहीतरी हललेलं असलं तरच तिचा उपयोग. ओढ नसंल तर पन्नास घ्या नाहीतर शंभर घ्या, डोकंच दुखणार. त्यानं मला बरोब्बर हेच सांगितलं होतं, अन् मी डोस वाढवला.

पुढं कळलं की माझ्याकडं येण्याआधी तो हायवेच्या कडेला जडीबुटीचा तंबू टाकतात त्यातल्या एकाकडं पण जाऊन आलता. भस्म, तेल, उचलीतले कितीतरी पैसे त्यात गेले. आमच्याकडं भिंती बघा कुठल्याही, गुप्तरोग, धातुरोग, शर्तिया इलाज. धात, म्हणजे वीर्य, जाते म्हणून पोरं वाळत चाललेली असतात, हस्तमैथुनानं काही होत नसतं हे त्यांना कुणी सांगत नाही. या धात जाण्याच्या भीतीला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी 1960 मध्ये धात सिंड्रोम असं नाव पण देऊन ठेवलं, म्हणजे आजार धातूचा नाही, भीतीचा. भिंतीवर मात्र अजून तेच रंगवतात.

असो. साधारण सात-आठ महिन्यांनी त्याची बायको आली, सासूसोबत. सासू म्हणाली, "हिला दिवस जाईनात, काही टॉनिक द्या." मी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या अन् एक सिरप काढलं. सासू शेजारच्या दुकानात बांगड्या बघायला गेली तेवढ्यात ती पोरगी, अठरा-एकोणीसची असंल, पैसे काढता काढता एकदम म्हणाली,

"दादा, गड्याला बाईच नको वाटती, असं असतंय का?"

मी म्हणलं, "नसतंय ताई. कामाचा थकवा असंल."

तिनं पैसे ठेवले, सिरप घेतलं, गेली. दीड वर्षात फारकत झाली. गावानं अर्थातच तिलाच वांझ ठरवलं, अन् त्याच्यात काही कमी आहे अशी कुजबुज पण झाली, दोघांच्याही वाट्याला जेवढं म्हणून यायचं तेवढं आलं.

मग 2018, सप्टेंबरची 7 तारीख, पहिल्या पानावर सुप्रीम कोर्टाचा निकाल. 377 कलम. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलेलं, आदल्या दिवशी पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की दोन सज्ञान माणसं राजीखुशीनं खासगीत एकत्र येत असतील तर तो गुन्हा नाही. माझ्या दुकानात पेपर असतो, सकाळी चार टाळकी जमतात. त्यात एक रिटायर गुरुजी म्हणले, "ही पुण्या-मुंबईची थेरं. आपल्या मराठवाड्यात असलं काय नसतंय." सगळे हो म्हणले. अन् माझ्या डोळ्यासमोर ते पोरगं आलं. कोयता, कारखाना अन् वस्ती सोडून ज्यानं काही बघितलेलं नाही, तेव्हा त्याच्याकडं साधा बटणाचा मोबाईल. त्याला कुणी हे शिकवलं असंल?

तिथून मी वाचायला लागलो. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं.

पहिली गोष्ट म्हणजे शब्दच नाहीत आपल्याकडं. बायल्या, छक्का, ह्या शिव्या आहेत, त्या पण सगळ्यांना एकच. आणि पुस्तकात गेलं तर लैंगिक कल. आमच्याकडं कल म्हटलं की निवडणुकीचे कल, सकाळी आठ वाजता टीव्हीवर. मधे वापरायला साधा शब्द नाही. मी ओढ म्हणतो. आणि आपण चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. अंग कसंय ही एक, मनातून स्वतःला बाई समजतो का गडी ही दुसरी, ओढ कुणाकडं आहे ही तिसरी, आणि प्रत्यक्षात काय करतो ही चौथीच, कारण ओढ एकीकडं असून लग्न दुसरीकडं केलेली माणसं ढिगानं आहेत. त्या पोराला स्वतः गडी असण्याबद्दल काहीच शंका नव्हती. मिशा पिळायचा, मोळ्या उचलायला सगळ्यात पुढं. ओढ तेवढी वेगळी होती.

याच्या उलट माझ्याकडं एक तृतीयपंथी यायची, बाजाराच्या दिवशी. ती दर महिन्याला गर्भनिरोधक गोळ्यांची तीन-चार पाकिटं न्यायची. मला वाटायचं कुणाला तरी नेऊन देत असंल. मग लक्षात आलं की स्वतःच खाते, त्यात इस्ट्रोजेन असतं म्हणून, अंगात बाईपण यावं म्हणून. तंबाखू-विडी चालूच. त्या गोळ्यांनी, त्यातल्या त्यात एवढ्या डोसनं, रक्ताची गुठळी होऊ शकते, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग डॉक्टरकडं जाऊ का? डॉक्टर हात लावत नाही, वरून हसतो." 2014 ला सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क दिला, ते खरं, पण तपासणीच्या रांगेत बायकांच्या उभं राहायचं का गड्यांच्या इथपासून तिची अडचण.

आणि बाईला बाईची ओढ असणाऱ्या? चौदा वर्षांत एक पण वजनकाट्यापाशी आली नाही. बायका प्रश्न घेऊन एकट्या दुकानात येतच नाहीत, सोबत सासू असते.

बरं हे होतं कशानं, हे मला पण जाणून घ्यायचं होतं. एकच कारण नाही सापडत. 2019 मध्ये पावणेपाच लाखांच्या वर लोकांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला, त्यात एकच असं जनुक नाही निघालं, बारीक बारीक बरेच परिणाम अन् बाकीच्या गोष्टी. किन्सी नावाच्या अमेरिकन संशोधकानं 1948 मध्येच शून्य ते सहा अशी पट्टी मांडली होती, एका टोकाला फक्त विरुद्ध लिंगाची ओढ, दुसऱ्या टोकाला फक्त स्वतःच्या लिंगाची, आणि मधे कुठंही बरीच माणसं. काहींना तर कुणाचीच ओढ नसते, ती पट्टीच्या बाहेर. हॉर्मोन कमी आहे म्हणून असं होतं हा आमच्या धंद्यातला आवडता गैरसमज. ॲलन ट्युरिंग, कॉम्प्युटरचा पाया घालणारा, त्याला 1952 ला इंग्लंडमध्ये याच गुन्ह्यात दोषी धरून तुरुंगाच्या बदल्यात बायकांचं हॉर्मोन दिलं. ओढ बदलली नाही, छातीला सूज आली, 1954 ला माणूस गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जो आजारच नाही त्याच्यावर मी गोळी विकत होतो.

आता सगळ्यात जास्त ज्यानं मला हलवलं ते सांगतो. आमच्या तालुक्यात 14 एप्रिलला मिरवणूक निघते, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डीजे. औरंगाबादला बाबासाहेबांनी काढलेल्या मिलिंद कॉलेजात शिकलेले लोक आमच्या गल्लीत आहेत. पण बाबासाहेबांची एक केस कुणी कधी सांगितली नव्हती. र. धों. कर्वे 1927 पासून समाजस्वास्थ्य नावाचं मासिक चालवायचे, त्यात लोक पत्रानं प्रश्न विचारायचे अन् ते उत्तरं द्यायचे, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल सुद्धा. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, 1934 ला, आणि कर्व्यांचं वकीलपत्र बॅरिस्टर आंबेडकरांनी घेतलं. कामविषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. केस हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड.

म्हणजे नव्वद वर्षांमागं एका माणसाला प्रश्नांची खरी उत्तरं दिली म्हणून दंड झाला. मी खोटं उत्तर दिलं, मला कुणी काही म्हणलं नाही, वर सिरपचे पैसे मिळाले.

आता तसं बरंच काही बदललंय. 377 तर 1 जुलै 2024 ला नवी न्याय संहिता आली तिच्यात नाहीच. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर 2023 ला कोर्टानं दिला नाही, संसदेकडं टोलवला. ओढ बदलून देतो म्हणणारे उपचार करणं हे डॉक्टरसाठी गैरवर्तन आहे असं नॅशनल मेडिकल कमिशननं 2022 ला कळवलंय, मद्रास हायकोर्टानं कान धरल्यावर. तंबूवाल्याला हे कोण कळवणार. आणि नवीन एक चालू झालंय, ॲपवर गोड बोलून अशी ओढ असलेल्या पोराला बायपासला बोलवायचं, दोघातिघांनी मोबाईल-पैसे काढून घ्यायचे, व्हिडिओ करायचा. पोरगं पोलिसात जात नाही, कारण घरी काय सांगणार कुठं गेलतास म्हणून. एक जण असाच फुटलेल्या ओठानं ड्रेसिंगचं सामान घ्यायला आलता. मी म्हणलं, तक्रार कर, तू काही गुन्हा केला नाहीस. त्यानं मला अशा नजरेनं बघितलं की जणू मी पण त्या टोळीतलाच आहे.

ते पहिलं पोरगं आता चाकणला कंपनीत आहे. दिवाळीला येतो, आईच्या बीपीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेऊन ठेवतो. वजनकाट्यापाशी थांबत नाही. मागच्या दिवाळीत मी त्याला म्हणलं, "त्या वेळेस मी हसायला नको होतं." तो म्हणला, "जाऊ द्या दादा, तुम्ही निदान ऐकलं तरी." याच्यावर काय बोलावं मला कळलं नाही, गोळ्यांवर दहा टक्के कमी केले.

ती मात्र मनातून जात नव्हती. तिचं दुसरं लग्न झालं, केज तालुक्यात दिली, एक पोरगं आहे. परवा माहेरी आलती, लेकराच्या खोकल्याचं औषध न्यायला. एकटीच होती, दुकानात कुणी नव्हतं. मी धीर केला. म्हणलं, "ताई, तुम्ही मागं एक विचारलं होतं मला, आठवतंय का. मी नसतंय म्हणलो होतो. असतंय."

तिनं लेकराला ह्या काखेतून त्या काखेत घेतलं.

"कळलं मला दादा नंतर. मोबाईलवर बघितलं." मग बाटली उजेडात धरून म्हणाली, "हे दिवसातून कितीदा द्यायचं?"