तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला कॅम टाकू?

"ताई, कुठला कॅम टाकू?" आठवड्यातून एकदा तरी मला कुणीतरी हे विचारतंच. चिंचवडला इंजिन टेस्टिंगमध्ये मी एकवीस वर्षं काढली आणि घरी पार्किंगमध्ये माझी २०११ची हार्ले, सुपर ग्लाइड कस्टम उभी असते, म्हणून विचारतात. विचारणाऱ्याला इंजिनात टाकायच्या कॅमचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही. आधी विचारते, तुमचं इंजिन दिवसभरात किती आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांनी फिरतं? बहुतेकांना ते माहीत नसतं, आणि सगळा निर्णय तर त्यावरच आहे.

इंजिनात हवा घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा, एवढंच कॅम ठरवतो. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक होतो. पण कॅटलॉग उघडला की सगळ्यांची नजर जाते लिफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो त्यावर. त्यात नावंच तशी पडली आहेत. एस अँड एस या कंपनीचा ५१० म्हणजे ०.५१० इंच, साधारण १२.९५ मिलिमीटर लिफ्ट. ५८५ म्हणजे ०.५८५. साहजिकच वाटतं की ५८५ हा ५१०चा मोठा भाऊ, तोच घ्यावा.

मी सगळ्यात आधी बघते तो आकडा वेगळा आहे: इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारा, मिटतो कधी. पिस्टन खाली जातो, हवा-पेट्रोल ओढून घेतो, तळाला पोचतो आणि वर यायला लागतो. इनटेक व्हॉल्व्ह मात्र तेव्हाही थोडा उघडाच असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो आणि पिस्टन वर येत असतानाही ती आत घुसत राहते. त्या वेळी उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह फायद्याचा. इंजिन हळू फिरत असेल तर हवेला तेवढा वेग नसतो. मग आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. तेवढी ताकद गेली.

माझ्या गाडीचं उदाहरण घेते. ट्विन कॅम ९६, म्हणजे १५८४ सीसी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर धाव, १११.१ मिलिमीटर, आणि कंपनीचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, ९.२ ला १. इनटेक तळानंतर क्रँकच्या २५ अंशांवर मिटला तर तोवर पिस्टन जेमतेम पावणेचार मिलिमीटर वर आलेला असतो. ४५ अंशांवर मिटला तर सव्वाबारा मिलिमीटर. कोंडलेली हवा खऱ्या अर्थाने दाबली जाते ती तिथपासून पुढे. हिशेब केला तर पहिल्या कॅमने कॉम्प्रेशन ८.९च्या आसपास राहतं, दुसऱ्याने ८.३ वर येतं. पिस्टन तोच, हेड तेच, गॅस्केट तेच. नुसता कॅम बदलून आपण इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरवून बसतो आणि ते बिलावर कुठे लिहिलेलं नसतं.

हे सगळं मला कामावर पाठ होतं, तरी स्वतःच्या गाडीला मी पहिल्यांदा उशिरा मिटणाराच कॅम टाकला. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम, त्यामुळे कॅटलॉगमधला देखणा आकडा हा नेहमी वरच्या आरपीएमचा असतो, आणि त्या आकड्यावर मी भाळले. पिस्टन बदलले नाहीत, हेड उतरवलं नाही, फक्त कॅम बदलला. पहिल्याच रविवारी मागे बहिणीला बसवून वरंध घाटात गेले. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या वेगाला या गाडीचं इंजिन दीड ते दोन हजारांवर असतं, आणि तिथे ते मेल्यासारखं झालं होतं. आधी ज्या वळणातून गाडी सहज ओढून निघायची, तिथे दुसरा गिअर टाकावा लागत होता. साडेचार हजारांच्या पुढे मात्र काय सुंदर जोर! पण घाटात मागे माणूस असताना साडेचार हजार कोण गाठणार? परत येताना मी गप्प होते. दोन रविवारची मेहनत आणि बरेच पैसे घालून चांगली गाडी मी बिघडवली होती.

त्यानंतर मी लॅपटॉप लावून पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन आरपीएमची नोंद घेतली. सहाव्या गिअरमध्ये शंभरच्या वेगाला इंजिन तेवीसशेच्या आसपास असतं. खंबाटकी, ट्रकना ओव्हरटेक, कराडच्या बाहेरची गर्दी, सगळं धरून बहुतेक वेळ दोन ते साडेतीन हजारांतच गेला. चार हजारांच्या वर जाण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे मला कॅम हवा होता तो त्या दोन-साडेतीन हजारांसाठी. लवकर मिटणारा कॅम टाकला आणि गाडी माझी मला परत मिळाली.

पुण्याच्या माणसाने आणखी एक लक्षात घ्यावं. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर राहतो, त्यामुळे इथे हवेचा दाब पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे तो जवळजवळ पंधरा टक्क्यांनी घटतो. इंजिनाला मुळातच कमी हवा मिळते. तिच्यातली काही उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हने परत घालवायची, हे मला पटत नाही.

पण म्हणून लवकर मिटणारा कॅम डोळे झाकून घेऊ नका. ज्यांनी आधीच कॉम्प्रेशन वाढवून घेतलं आहे, त्यांच्या इंजिनात तो नॉकिंग आणतो, म्हणजे हवा-पेट्रोल आपोआप भडकतं. एप्रिलमध्ये युनिव्हर्सिटी चौकातली गर्दी, मागच्या सिलिंडरला वारा नाही, आणि वरच्या गिअरमध्ये पंधराशेला थ्रॉटल पिळला, की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. तो ऐकून न ऐकल्यासारखा करू नका, पिस्टन जातात. २०२०च्या डिसेंबरात नॉकिंगला दाद न देणारं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आलं तेव्हा पहिल्या शहरांत पुणे होतं, पण घाटमाथ्यावरच्या पंपावर ते मिळेल असं धरून इंजिन बांधू नये.

दुसरा प्रश्न आवाजाचा. एक्झॉस्ट मिटण्याआधी इनटेक उघडतो, दोन्ही काही अंश एकदम उघडे राहतात, त्याला ओव्हरलॅप म्हणतात. ओव्हरलॅप वाढला की आयडलिंगला गाडी ठेचकाळत बोलते आणि ते मुलांना फार आवडतं. मला त्यांना मनापासून सांगायचं असतं की हार्लेचा ठेका कॅममधून येत नाही. पंचेचाळीस अंशांचा व्ही आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर, त्यामुळे स्फोटांमधलं अंतर ३१५ आणि ४०५ अंश असं लहान-मोठं पडतं. तो ठेका तुमच्या गाडीत आहेच. ओव्हरलॅपने आयडलिंगचा व्हॅक्यूम मात्र घटतो, आणि या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या नळीच्या) दाबावरूनच पेट्रोल ठरवतो, म्हणजे त्याचा अंदाज चुकतो. कॅम बदलला की ट्यूनिंग करून घ्यायलाच हवं. ट्यूनिंगचे पैसे बाजूला काढले नसतील तर कॅमही घेऊ नका, इतकं मी स्पष्ट सांगते.

बसवण्याबद्दल थोडक्यात. हार्लेच्या इंजिनांत ट्विन कॅमला दोन कॅम, स्पोर्टस्टरला चार, २०१७च्या मॉडेलपासून आलेल्या मिल्वॉकी-एटला पुन्हा एकच. जुना कॅम स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका: २००६पर्यंतच्या ट्विन कॅमचे कॅम २००७पासूनच्या इंजिनात बसत नाहीत, आणि डायनाला (माझी सुपर ग्लाइड त्याच मालिकेतली) हा बदल २००६लाच झाला. जुन्या इंजिनात कॅमची चेन ताणून धरणारे टेन्शनर स्प्रिंगचे आहेत आणि ते झिजून त्यांचे तुकडे तेलात जातात, तेव्हा कव्हर उघडलंच आहे तर आधी ते बघा. ५१०सारखा कॅम कंपनीच्या व्हॉल्व्ह-स्प्रिंगवर चालतो. ५८५ला त्या स्प्रिंग बदलायच्या आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतर मोजायचं. तिथे अंदाजाने काम करणाऱ्याकडे गाडी देऊ नका. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा. मूळ रचनेत कंपनीच्या तपशिलाबाहेर बदल करायला त्यात मनाई आहे, आणि चुकीच्या कॅमने धूर वाढतो तो शेवटी आपल्याच गावाच्या हवेत जातो. काही जणांना मी यासाठीच सांगितलं आहे की कॅम राहू दे, क्लच आणि टायर बघ.

गेल्या महिन्यात हडपसरहून एक मुलगा आला होता. गाडी १०३ इंजिनाची (माझ्या ९६पेक्षा मोठं ट्विन कॅम), मनात ५८५. म्हटलं, आधी आठवडाभर नोंद घे. त्याने घेतली आणि कागद घेऊन स्वतःच परत आला: ऑफिसला जाताना बावीसशे, रविवारी तीन हजार, चार हजारांवर जेमतेम काही सेकंद. आम्ही पार्किंगमध्ये बसून त्याच्या कॉम्प्रेशनचा हिशेब केला, लवकर मिटणारा एक साधा कॅम ठरवला, आणि उरलेल्या पैशात लिफ्टर आणि ट्यूनिंग बसवलं. परवा त्याचा वाईहून फोन आला. बायकोला घेऊन पाचगणीला गेला होता. म्हणाला, "ताई, अख्खा पसरणी घाट तिसऱ्यातच चढलो."