तापाचा कितवा दिवस?

डेंग्यू किट म्हणजे डेंग्यू आहे का ते दवाखान्यातच झटपट सांगणाऱ्या रॅपिड टेस्टचं किट. त्याचा धंदा चार महिन्यांचा. जुलैत फोन वाजायला लागतात, दिवाळीचे कंदील लागेपर्यंत वाजतात, मग शांत. बाकीचे महिने आमचं कळव्यातलं दुकान ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, सुया आणि ब्लड कलेक्शनच्या ट्यूबांवर चालतं.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली. २०१४ पर्यंत ठाण्यात एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. तिथे डेंग्यूची एलायझा टेस्ट, म्हणजे लॅबमध्ये मशीनवर होणारी रक्ततपासणी, व्हायची. प्लेटला ९६ खाचा, म्हणून पुरेसे नमुने साठल्याशिवाय ती लावणं परवडत नसे. रिपोर्टला दोन-तीन दिवस सहज जात. नवी मुंबईतल्या दिघा, तुर्भे स्टोअर्सकडचे पेशंट नाक्यावर काम मिळेल त्या दिवशी खाणारे. रिपोर्ट न्यायला कोण परत येणार? दिघ्याचे एक डॉक्टर एकदा म्हणाले, "ताई, इथेच टेबलावर होईल असं काही आणा ना." त्यावरून नोकरी सोडली. दीर तेव्हा बेकार होता, त्याची स्कूटर होती. घाऊक परवाना निघेपर्यंत पावसाळा अर्धा संपला होता, ते सोडा.

पहिल्या वर्षी मी स्वस्तातले फक्त एनएस१चे किट उचलले. एनएस१ म्हणजे विषाणूचंच प्रथिन. ते तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतं, पण पाचव्या दिवसानंतर कमी होत जातं. विषाणूशी लढायला शरीर आधी बनवतं ती आयजीएम अँटीबॉडी साधारण तेव्हाच दिसायला लागते. रबाळ्याच्या एका दवाखान्यात सहाव्या दिवशी आलेल्या बाईची टेस्ट निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी ताप उतरलाय म्हणून घरी पाठवलं. डेंग्यूत ताप उतरतानाच खरा धोका असतो. दोन दिवसांनी तिला ॲडमिट करावं लागलं. बाई वाचली, डॉक्टर मात्र दुकानात येऊन मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. किटची चूक नव्हती. पण विकताना "कितवा दिवस?" हा प्रश्न मी विचारला नव्हता.

तेव्हापासून आम्ही एनएस१, आयजीएम आणि आयजीजी (दुसरी एक अँटीबॉडी) तिन्ही असलेलं कॉम्बो किटच देतो. प्रत्येक खोक्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी लावतो: तापाचा दिवस कितवा? निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच असं समजू नका.

दुसरी भानगड वेळेची. किटमधल्या ज्या कार्डावर रक्ताचा नमुना टाकतात ते १५ ते २० मिनिटांत वाचायचं. त्यानंतर दिसणारी रेष धरायची नाही आणि वेळेत दिसलेली टेस्टची रेष कितीही फिकी असली तरी पॉझिटिव्हच. ओपीडीत साठ पेशंट असले की कार्ड तासभर टेबलावर पडून राहतं. यावर मी भाषणं देऊन थकले. शेवटी किटच्या खोक्यासोबत स्वयंपाकघरातला टायमर फुकट द्यायला लागले. आमच्या सगळ्या मार्केटिंगमध्ये तेवढंच कामी आलं.

बऱ्याच किटला सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर येणारं पाणी, लागतं आणि दवाखान्यात ते वेगळं करणारं सेंट्रीफ्यूज यंत्र नसतं. मग मी सांगते, साध्या ट्यूबमध्ये रक्त अर्धा-पाऊण तास उभं ठेवा, वर सीरम येतंच. उष्णतेपुढे मात्र असली युक्ती चालत नाही. बहुतेक किट ३० अंशांच्या आत ठेवायचे असतात. मे महिन्यात दिराने एक खोकं दुपारभर स्कूटरच्या डिकीत ठेवलं. त्यातल्या कित्येक कार्डांवर कंट्रोलची रेष, म्हणजे कार्ड चालतंय हे दाखवणारी रेष, उमटेना. सगळं खोकं फेकलं. तेव्हापासून डिलिव्हरी सकाळी दहाच्या आत. पाऊचही टेस्टच्या वेळीच फोडायचं, आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडं कार्ड लगेच ओल धरतं.

एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगते, धंद्याला मारक असली तरी. सरकारी हिशेबात रॅपिड कार्डावर आलेला पॉझिटिव्ह 'संभाव्य'च धरतात. पक्कं निदान एलायझावर. त्यासाठी सरकारने नेमलेल्या सेंटिनल लॅबना आयजीएमचे किट पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेकडून येतात. नमुना सेंटिनल लॅबकडे पाठवाच, म्हणजे पालिकेचे लोक पेशंटच्या चाळीत डबकी, ड्रम बघायला येतील. आमचं कार्ड पेशंटला आज काय करायचं एवढंच सांगतं: पाणी पाजा, पॅरासिटामॉल द्या, ब्रुफेन-ॲस्पिरिन नको.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये डेंग्यूचा माल एक्स्पायर झाला आणि आम्ही बुडणार होतो. जूनमध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने कोविडच्या रॅपिड अँटिजेन टेस्टला परवानगी दिली आणि दोन रेषा म्हणजे काय ते चाळीतल्या आजीलाही कळायला लागलं. माझे समजावून सांगायचे अर्धे कष्ट वाचले.

एका मोठ्या हॉस्पिटलकडे आमचं बिल दीड वर्ष अडकलंय. छोट्या दवाखान्यांचं कधी बुडलं नाही.

यंदा मेमध्येच दुप्पट माल मागवलाय. दीर म्हणतो, "वहिनी, जास्त झाला." ऑगस्टमध्ये कळेल.