मल्टी कझिन

शनिवारी दुपारी डबा उघडला, पहिला घास तोंडात घालते तोवर फोनवर फोटो आला. खानापूर रोडवरच्या नव्या हॉटेलचा बोर्ड. बाजूला शिडीवर आमचाच पोरगा अजून उभा. वर कन्नड, मधे इंग्रजी, तळाला मराठी. रंग झकास उठलेले. खाली गिऱ्हाइकाचा मेसेज : "ताई, आमची कॉलेजातली पोरगी हसायलीय. आम्ही कझिन विकणार म्हणून."

फोटो मोठा करून बघितला. इंग्रजी ओळीत 'मल्टी कझिन रेस्टॉरंट'. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी.

मी बेळगावच्या शहापुरात डीटीपी करते. मराठी श्रीलिपी सॉफ्टवेअरात, कन्नड नुडीत, दोन्ही डोळे झाकून. इंग्रजीत मात्र हा 'क्युझिन' शब्द कायम नडतो. सी-यू-आय-एस-आय-एन-ई. त्यातला पहिला आय कुठं घालायचा यात निम्मं गाव चुकतं. मी तो गाळलाच. खाली तांबडी रेघ आली, तेव्हा उजवं बटण दाबून संगणकानं दिलेला पहिला शब्द घेतला आणि पुढं गेले.

प्रूफ बघायला मालक स्वतः आले होते. कर्नाटकच्या 2024 च्या कायद्यानं पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, म्हणून त्यांनी कन्नड ओळ टेपनं मोजली, एका मास्तरांकडून दोनदा वाचून घेतली. मराठी ओळ त्यांच्या वडलांनी तपासली. इंग्रजी कुणीच बघितलं नाही. "ते काय, कॉम्प्युटरच बरोबर करतो," हे मीच म्हटलं होतं.

डबा तसाच झाकून स्कूटी काढली. वाटेत काय काय बोलून घ्यावं लागणार याची तयारी करत गेले. पण मालक हसतच होते. "आवो, खोटं काय लिवलासा? आम्ही तिघं चुलतभाऊच भागीदार आहोत की." मग खुर्ची पुढं सरकवून म्हणाले, "ते असूदे. पण ह्या शब्दाचा अर्थ तरी काय? सगळे लिवतात म्हणून आम्ही पण लिवलंय."

मी म्हटलं, वेगवेगळे पदार्थ. म्हणताना लक्षात आलं, हे बरोबर नाही. त्यांच्याच मेनूकार्डात मी टाइप केलं होतं : 'अवर स्पेशल क्विझीन – मटण बिर्याणी.' बिर्याणी ही एक डिश. डिश ताटात वाढता येते, क्विझीन वाढता येत नाही. इडली, डोसा, वडा, उप्पीट असे वीस पदार्थ ठेवले तरी ते एकच क्विझीन. त्यात गोबी मंचुरी आली की दोन झाली. मसाला कुठला, तेल कुठलं, आधी काय परततात, भाताबरोबर खायचं की भाकरीबरोबर, ही सगळी रीत मिळून तो शब्द होतो. आणि उच्चार क्विझीन, जोर 'झीन'वर. आपल्याकडं क्युझिन म्हणतात, मराठी ओळीतही मी तेच घातलं होतं.

"मग मराठीतच घाला की नीट," वडील म्हणाले. मी 'पाकपद्धती' सुचवला. शब्द चांगला, कन्नडमध्येही तोच चालतो. ते म्हणाले, "पाक म्हटल्यावर लोक कुंद्याचं दुकान समजतील." कुंदा म्हणजे आमच्याकडची प्रसिद्ध मिठाई. बेळगावात हे नाकारता येत नाही. मग त्यांनीच 'अनेक चुली' काढला. खरं तर मला हा फार आवडला. आपण 'त्यांच्या चुलीची चवच वेगळी' म्हणतो ते याच अर्थानं. पण मधला भाऊ घाईनं म्हणाला, "नको वो. चुली वेगळ्या झाल्या म्हणजे भाऊ फुटले म्हणतील. अजून हॉटेल उघडलं न्हाय."

आत कांदा चिरणारा आचारी इतका वेळ ऐकत होता. मूळचा गोव्याचा, ख्रिस्ती, घर कॅम्पात. सुरी हातातच ठेवून बाहेर आला. "मॅडम, आमी घरात कुजन म्हणटांव. रांधतात त्या खोलीला. आणि माका कुजनेर."

कुजन, क्विझीन. मी फोन काढून तिथंच शोधत बसले. शिडीवरचा पोरगा ताटकळला. पोर्तुगीजांचा 'कोझिन्या' गोव्यात कुजन झाला. फ्रेंचांचा क्विझीन म्हणजेही आधी स्वयंपाकघरच, मग तिथं होणारा स्वयंपाक. इंग्रजांनी तो अठराव्या शतकाच्या अखेरीस उचलला, फक्त स्वयंपाकाच्या रीतीपुरता. खोलीसाठी त्यांच्याकडं किचन आधीपासून होताच. आणि तो किचनही त्याच घरातला. सगळ्यांचा आजा एक, लॅटिनमधला 'कोक्विना'.

"म्हणजे किचन आणि हे तुमचं क्विझीन चुलतभाऊ?" मालकांनी विचारलं.

"तसंच."

"मग बोर्ड बदलायचाच कशाला?" पण पोरगी हातात फोन घेऊन समोरच उभी होती. बदलणं भाग होतं.

अ‍ॅक्रिलिकवर छापील विनाइल चिकटवलेलं, सबंध सोलायचं तर रात्र गेली असती. तेवढ्या शब्दापुरती त्याच तांबड्या रंगाची पट्टी छापून आणली, फुगे निघेपर्यंत पट्टीनं दाबली. मराठी ओळीवरही एक पट्टी चढवली : 'साउथ इंडियन, पंजाबी, चायनीज, गोवन'. अर्थाचा प्रश्न तिथंच मिटला. मेनूकार्डं पदरचा कागद घालून परत छापली.

दिवसा काही कळत नाही. रात्री आतले एलईडी लागले की पट्टीच्या मागून जुन्या शब्दातला ओ अंधूक दिसतो. मालकांनी तो मला जेवायला बोलावून मुद्दाम दाखवला, आणि बिल घेतलं नाही. पट्टीचे पैसे मीही घेतले नव्हते.