तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं मोठं विमान हरवतं कसं?

मी एटीसीत, म्हणजे विमानांना रेडिओवरून वाट दाखवणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रणात होतो हे कळलं की एमएच ३७० निघतंच, २०१४ मध्ये क्वालालंपूरहून बीजिंगला जाताना बेपत्ता झालेलं मलेशिया एअरलाइन्सचं विमान. ‘तुम्ही आतले, तुम्हाला माहीत असणार!’ पायलटने केलं, अपहरण झालं की माल पेटला? नाही हो, मला माहीत नाही. २०१८च्या तपास अहवालालाही कारण ठरवता आलं नाही. विमान हाताने वळवलं गेलं असावं आणि तिसऱ्या कुणाचा हात नाकारता येत नाही, इथेच तपासणारे थांबले.

मी बोलू शकतो ते फक्त वीसेक मिनिटांबद्दल, कारण तसल्याच खुर्चीत माझी सगळी नोकरी झाली.

रात्री १:१९ ला क्वालालंपूरच्या कंट्रोलरने विमानाला पुढच्या हद्दीची, म्हणजे व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह केंद्राची रेडिओ फ्रिक्वेन्सी दिली. विमानातून ‘गुड नाइट’ आलं. दोन मिनिटांत, इगारी नावाच्या मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूपाशी, रडारच्या पडद्यावरचं विमानाचं लेबल गेलं. आता बघा, क्वालालंपूरच्या लेखी विमान देऊन झालेलं आणि हो चि मिन्हच्या लेखी ते अजून यायचंय. गप्प विमान ही रोजची गोष्ट आहे. कुणी चुकीची फ्रिक्वेन्सी लावतं, कुणी जुनीवरच राहतं. कंट्रोलर दोन-चार हाका मारतो, जवळच्या विमानाला ‘जरा बघ, तुला ऐकू येतंय का’ म्हणतो आणि मधल्या मधे बाकीचं ट्रॅफिक हाकतो. विमान बोललं नाही तर हो चि मिन्हने पाच मिनिटांत क्वालालंपूरला कळवायचं ठरलेलं होतं. फोन गेला १:३९ ला. मग विमान कंपनीकडून निरोप आला की विमान कंबोडियाच्या हद्दीत आहे. ती जागा कॉम्प्युटरने नियोजित मार्गावर नुसती पुढे सरकवलेली होती! शोध-बचाव केंद्र हललं ५:३० ला.

तेव्हा मी सगळ्यांशी भांडायचो, ‘एक नाइट ड्युटी करा, मग बोला.’ आता तेवढ्या जोरात म्हणवत नाही. लष्करी रडारवर ते २:२२ पर्यंत दिसत होतं, पश्चिमेला जाताना. त्या रडारवाल्यांना कुणी वेळेत विचारलं असतं, तर सुरुवातीचे दिवस दक्षिण चीन समुद्र धुंडाळण्यात गेले नसते. २३९ माणसं वाचली असती का? तसं मी म्हणत नाही. जाणारं विमान फोनने थांबत नाही.

आणि तरीही, ‘पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं’ असं कुणी ऐकवलं की मी उसळतोच. उशिरा बोललेली आणि सुखरूप उतरलेली विमानं कुणी मोजलीत का कधी?